रस्त्याच्या डाव्या कडेचा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या हळव्या सुरात म्हटलं जातं, की ते ऐकलं की मला धास्तीच वाटते. कारण त्यापाठोपाठ हमखास तीन गोष्टी येतात. सायकलीला लावायचा बिल्ला, संध्याकाळनंतर लावायचा दिवा आणि डबलसीट पकडणारा हवालदार. सांगणाऱ्याचे डोळे पाणावतात, ऐकणारा ‘गेले ते दिवस’ म्हणून मान हलवतो आणि दोघं आपापल्या गाडीची किल्ली शोधायला लागतात. श्रोतेहो, मलाही त्या आठवणी आहेत. पण आज मी गेलेल्या सायकलींविषयी बोलणार नाही. ज्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांच्याविषयी बोलणार आहे.

त्या आहेत का, असं तुम्ही विचाराल. माझ्या वर्गातले विद्यार्थीही असंच विचारायचे. मी बरीच वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहतूक अभियांत्रिकी शिकवत होते. दर वर्षी मुलांना एक काम द्यायचे. सकाळी सहा ते आठ एखाद्या चौकात उभं राहायचं आणि कोण, कशावरून, कुठे चाललंय ते वहीत लिहायचं. मुलांची अपेक्षा असायची, की सायकलवरून जाणारे म्हणजे चकचकीत हेल्मेट घातलेले, पाठीला पाण्याची नळी लावलेले, सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन परत येणारे लोक. तसे असतात, आणि असावेत. पण वहीत भरायचे ते दुसरेच. रात्रपाळी संपवून निघालेला सुरक्षारक्षक, मागच्या कॅरिअरला डबा अडकवलेला गवंडी, पेपरची लाइन टाकणारी पोरं, चार घरची कामं करणाऱ्या बाई, गॅरेजमधला हेल्पर. या माणसांनी कुठल्याही ‘सायकल दिना’च्या फेरीत भाग घेतलेला नसतो. सायकल हा त्यांचा छंद नाही. ते सायकल चालवतात, कारण त्यामुळे महिन्याचा प्रवासखर्च वाचतो.

२०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं साधन विचारलं होतं. शेतीबाहेरच्या कामाला जाणाऱ्यांपैकी साधारण १३ टक्के लोक सायकलवर जात होते. मोटारीनं जाणारे तीन टक्क्यांपेक्षाही कमी होते. गेल्या काही वर्षांत हे प्रमाण नक्कीच बदललं असेल, पण आपण रस्ता बांधताना डोळ्यांसमोर कोणाला ठेवतो, हा प्रश्न त्यामुळे बदलत नाही.

आमच्या सोसायटीत एक सुरक्षारक्षक होते. वय पन्नाशीच्या पुढचं. धायरीच्या बाजूला राहायचे, बारा तासांची ड्यूटी, जाऊन-येऊन रोजचे अठरा-वीस किलोमीटर. सायकल जुनी, पण चेनला तेल घातलेली, मागच्या मडगार्डवर लाल रेडियमची पट्टी चिकटवलेली. एके दिवशी पहाटे घरी परतताना चौकात त्यांच्या उजव्या बाजूनं पाण्याचा टँकर आला. दोघंही सरळच चालले होते. चौकाशी आल्यावर टँकर डावीकडे वळला. मागचं चाक पायावरून गेलं. कागदावर काय आलं, तर ‘सायकलस्वार अंधारात दिसला नाही’. ते वाचले. सहा-सात महिन्यांनी कामावरही आले, पण सायकलवर बसणं त्यांना जमेना. आता दोन बस आणि त्यांच्यामधला शेअर रिक्षाचा टप्पा. बारा तासांच्या कामाला आता पंधरा तास घराबाहेर. पगार तोच. नातीच्या शिकवणीचे पैसे बंद केले, असं एकदा सहज बोलता बोलता म्हणाले. तक्रार नव्हती ती. वहिनीला, म्हणजे मला, हिशोब सांगत होते.

हा अपघात मी तपशिलानं सांगितला, कारण तो अगदी नमुनेदार आहे. शहरात सायकलस्वार मरतात किंवा जखमी होतात, ते बहुतेक वेळा दोनच प्रकारांनी. एक म्हणजे मोकळ्या, सरळ रस्त्यावर मागून येणाऱ्या वेगवान गाडीनं, आणि दुसरा म्हणजे चौकात, वळणाऱ्या गाडीखाली. दुसऱ्या प्रकारात जड वाहन असेल तर विषय संपलाच. टँकर, डंपर, काँक्रीट मिक्सर, या गाड्यांचा चालक जमिनीपासून खूप उंच आणि उजवीकडे बसतो. त्याच्या केबिनच्या डाव्या अंगाला, अगदी पुढच्या चाकापाशी, एक अख्खा माणूस सायकलसकट उभा असला तरी तो त्याला दिसत नाही. आणि आपण सायकलस्वाराला काय शिकवतो? डाव्या कडेनं जा. म्हणजे जिथे तो अजिबात दिसणार नाही, नेमकं तिथेच जा. वर आपल्याकडच्या चौकांत डावीकडचं वळण बहुधा मोकळं. सिग्नल लाल असला तरी डावीकडे जाणाऱ्याला थांबायचं नाही. वळण पसरट, म्हणजे वेग कमी करायचीही गरज नाही. टँकरचालक बेफिकीर असेल किंवा सज्जन असेल, या रचनेत अपघात कधी ना कधी व्हायचाच.

लंडनमध्ये हाच प्रश्न होता. तिथे बारा टनांवरच्या मालवाहू गाड्यांना शहरात यायचं तर चालकाला केबिनमधून थेट किती दिसतं याची तपासणी करून परवाना घ्यावा लागतो. २०१९ मध्ये परवाने द्यायला सुरुवात झाली आणि मार्च २०२१ पासून दंड. आपल्याकडे शहरातले टँकर आणि डंपर हे कोणाच्या तरी कंत्राटावर चालतात. बांधकामाच्या परवानगीत, पाण्याच्या करारात दोन ओळी घालायच्या की गाडीला डाव्या बाजूचे आरसे, कॅमेरा आणि चाकांच्या मध्ये आडवी संरक्षक पट्टी हवी, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत गाडी रस्त्यावर नको. त्याला उड्डाणपूल बांधावा लागत नाही.

आता पहिला प्रकार, वेगाचा. इथे थोडं गणित करू. मी मास्तरीण, तेव्हा तेवढी सवलत द्या. गाडी ताशी ३० किलोमीटरनं चालली असेल, तर ती एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते. ५० नं असेल तर जवळजवळ चौदा मीटर. समोर अचानक काही आलं, तर ते दिसून, मेंदूला कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ३० नं येणारी गाडी सगळं धरून तेरा-चौदा मीटरमध्ये उभी राहते. त्याच जागी ५० नं येणाऱ्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडायचाच असतो. म्हणजे ज्या अंतरावर पहिली गाडी थांबलेली असते, त्या अंतरावर दुसरी पुऱ्या वेगानं आदळते. फरक वीस किलोमीटरचा म्हणतो आपण. एक मूल घरी येतं की नाही, एवढा तो फरक आहे. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली. जिथे पायी आणि सायकलवर चालणारी माणसं मोटारींबरोबर मिसळतात, तिथे कमाल वेग ताशी ३० ठेवावा, असं तिच्या जाहीरनाम्यात म्हटलं ते याच गणितामुळे.

पण तीसची पाटी लावून वेग तीस होत नाही. हा अनुभव पुणेकरांना सांगायला नको. रस्ता रुंद, गुळगुळीत आणि सरळ केला की गाडी आपोआप धावते. वेग पाटीवर नसतो, रस्त्याच्या रुंदीत असतो. गल्लीच्या तोंडाशी रस्ता अरुंद करायचा, कोपऱ्याची गोलाई कमी करायची म्हणजे वळताना गाडी हळू करावीच लागते, आणि पदपथ गल्लीच्या तोंडावर तुटू न देता त्याच उंचीवर पलीकडे न्यायचा. मग गाडीनं चढून-उतरून जायचं, माणसानं नाही. बेढब गतिरोधकांपेक्षा हे शंभर पटींनी बरं. त्या गतिरोधकांचा खरा मार सायकलवाल्याच्याच कमरेला बसतो, मोटारीतल्याला एक हलका हिसका.

सायकल मार्गांचं काय, ते तर पुण्यात आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. २००५ च्या डिसेंबरात जवाहरलाल नेहरू योजना आली, त्यातून बीआरटीचे रस्ते झाले, आणि त्या रस्त्यांच्या कडेनं सायकलींसाठी मार्ग आखले गेले. कागदावर लांबी चांगली भरली. मग मी माझ्या विद्यार्थ्यांना टेप घेऊन पाठवू लागले. नियम असा की मार्गाच्या एका टोकाला सायकलवर बसायचं, दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि पाय जमिनीला टेकला की का टेकला ते लिहायचं. कुठल्या रस्त्यावर काय सापडलं ते सांगत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच सापडलं. झाड. विजेची डीपी. बसथांबा, तोही मार्गाच्या बरोबर मध्ये. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून रोवलेले खांब, इतके जवळ जवळ की सायकलचं हँडलही अडकावं. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. चेंबरचं झाकण चार बोटं वर, नाही तर चार बोटं खाली. दुकानासमोर लावलेल्या गाड्या. आणि शेवटी, चौक यायच्या वीस-पंचवीस मीटर आधी, मार्गच गायब. म्हणजे जिथे सायकलस्वाराला खरोखर संरक्षण हवं, तिथे त्याला सोडून द्यायचं, आणि जिथे फारसा धोका नाही तिथे रंगीत फरशी. एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘मॅडम, हा मार्ग सायकलींचा आहे हे सायकली सोडून सर्वांना माहीत आहे.’ तिला मी पूर्ण गुण दिले.

मग बातम्या येतात, की मार्ग बांधले तरी सायकलवाले त्यावरून जात नाहीत, पैसे वाया गेले. हा युक्तिवाद मला फार गमतीचा वाटतो. पाइपला जागोजागी भोकं असतील आणि नळाला पाणी आलं नाही, तर त्या गल्लीतल्या लोकांना तहान नाही, असं आपण म्हणत नाही.

या युक्तिवादाला एक जुना आधारही आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल मार्गांसाठी १९६२ मध्ये मार्गदर्शिका काढली. त्या काळाच्या मानानं ती फार चांगली होती. वेगळा मार्ग कधी करावा? गर्दीच्या तासाला चारशे सायकली असतील आणि शंभर ते दोनशे मोटारगाड्या असतील तर. गाड्या दोनशेच्या वर असतील, तर शंभर सायकली असल्या तरी करावा. आज पुण्यातल्या कुठल्या मोठ्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला दोनशेच गाड्या आहेत? दोनशे तर एका सिग्नलला सुटतात. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या मापानं पाहिलं तरी गाड्यांची अट कधीच पूर्ण झालेली आहे. अडचण दुसऱ्या आकड्याची. शंभर सायकली मोजायला जावं, तर त्या भीतीनं आधीच पळालेल्या. ज्यांना पर्याय होता ते स्कूटरवर गेले, ज्यांना नव्हता तेवढेच उरले, आणि उरलेले थोडे आहेत म्हणून त्यांच्यासाठी खर्च नको. २०१५ मध्ये ही मार्गदर्शिका सुधारली गेली. पण मोजून मगच द्यायचं ही सवय कागदापेक्षा जास्त चिवट असते.

लोक सायकल सोडून का गेले, याचंही खापर आळसावर फोडण्यात अर्थ नाही. १९७२ मध्ये लूना आली. नंतर स्कूटरची प्रतीक्षायादी संपली आणि हप्त्यांवर गाडी मिळू लागली. शहर लांबलं. १९९७ मध्ये, पुन्हा २०१७ आणि २०२१ मध्ये आसपासची गावं महापालिकेत आली. तीन किलोमीटरचं कामाचं ठिकाण बारा किलोमीटरवर गेलं. बस कधी येईल याचा भरवसा नाही. अशा वेळी माणूस दुचाकी घेतो, यात त्याचं काय चुकलं? दुचाकीवाला हा सायकलवाल्याचा शत्रू नाही, पुष्कळदा तो कालचा सायकलवालाच असतो. आणि मरतोही तोच. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत जवळजवळ ७५ हजार दुचाकीवर होती आणि ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी. सायकलस्वार चार हजारांहून अधिक. पत्र्याच्या आत न बसलेल्या माणसांची ही यादी आहे.

पुणे महापालिकेनं २०१७ च्या डिसेंबरमध्ये एक सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. सुमारे आठशे किलोमीटरचं जाळं, सायकल विभाग, भाड्याच्या सायकली, वाहनतळ असं सगळं त्यात आहे. मी तो वाचला आहे आणि काही तपशील सोडले तर तो चांगला आहे. त्याच सुमारास मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. विद्यापीठात, औंधला, मग इतरत्र. पहिले काही महिने मुलं अगदी तुटून पडली. मग कंपन्यांची गणितं बदलली, सायकलींची मोडतोड झाली, काही नाल्यात सापडल्या, आणि दोन-अडीच वर्षांत सगळं आटोपलं. ‘पुणेकरांना सायकल वापरायची लायकी नाही’ असं लोक म्हणाले. मला उलटं दिसलं. सायकल फुकटाच्या भावात मिळाली तेव्हा ती चालवणारी पुष्कळ माणसं या शहरात आहेत, हे सिद्ध झालं. ती कुठून चालवायची, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. पुढे २०२० च्या टाळेबंदीत रस्ते रिकामे झाले, तेव्हा दुकानांतल्या सायकली संपल्या होत्या. रस्ते भरले आणि सायकली पुन्हा बाल्कनीत गेल्या. एवढा स्वच्छ प्रयोग आमच्या प्रयोगशाळेतही कधी झाला नसता.

या विषयावर बोलताना हॉलंडचं नाव घ्यावंच लागतं, आणि ते घेतलं की समोरचा म्हणतो, अहो, तिथली हवा थंड, माणसं थोडी, त्यांच्या रक्तातच सायकल. रक्तात वगैरे काही नाही. पन्नास-साठच्या दशकांत डच लोकही आपल्यासारखेच मोटारींच्या मागे लागले होते, सायकली झपाट्यानं कमी होत होत्या. १९७१ मध्ये त्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. सव्वा-दीड कोटी वस्तीचा देश. व्हिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगी शाळेत सायकलवर जाताना गेली होती. १९७२ मध्ये त्यानं आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळा ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असा होता. त्या नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले, गल्ल्या बंद करून मुलांना खेळायला सोडलं. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि सरकारनं काही रविवारी मोटारी बंदच ठेवल्या. मग एकेका शहरात मार्ग बांधायला सुरुवात झाली. पहिल्या प्रयोगांतून त्यांना कळलं, की एकच देखणा मार्ग बांधून उपयोग नाही, जाळं हवं. ते डेल्फ्टमध्ये करून पाहिलं, तेव्हा फरक दिसला.

आणि तिथेही सगळं आलबेल नाही. २०२३ मध्ये त्या देशात ६८४ लोक रस्त्यांवर मेले, त्यांत २७० सायकलस्वार होते. विजेच्या सायकली आणि उतारवय हे नवं दुखणं आहे. पण १९७१ चा आकडा आठवून पाहा.

दिल्लीत उलटं झालं. आंबेडकरनगर ते मूलचंद हा बीआरटी मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. मध्ये बस, कडेनं सायकल आणि पायी चालणारे. दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांनी त्याची आखणी केली होती. त्यात त्रुटी होत्या, हे खरं. पण आरडाओरड झाली ती मोटारींना जागा कमी उरली म्हणून. २०१६ मध्ये तो सगळा उखडून टाकला. मी तो पाहिला होता. त्या सायकल मार्गावरून सकाळी जाणारे सगळे कामगार होते, त्यांच्यापैकी एकानंही कुठल्या वाहिनीवर मुलाखत दिल्याचं मला आठवत नाही.

हेल्मेटचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर येतो. घालावं. मी घालते. पण हेल्मेट म्हणजे सायकल सुरक्षा, असं समजू नये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली, जगात पहिल्यांदाच. नंतर मेलबर्नमध्ये मोजणी झाली तेव्हा किशोरवयीन मुलांचं सायकल चालवणंच खूप घटलेलं दिसलं. आणि सायकली कमी होणं हे उरलेल्यांसाठी वाईट असतं. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या आकड्यांवरून दाखवलं, की रस्त्यावरचे सायकलस्वार दुप्पट झाले, तर प्रत्येकाच्या वाट्याचा धोका सुमारे दोन-तृतीयांशावर येतो. चालकाला सायकल दिसायची सवय होते, एवढं साधं कारण बहुधा असावं. टँकरखाली सापडलेल्या आमच्या सुरक्षारक्षकांना हेल्मेटचा काही उपयोग झाला नसता, हे वेगळंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं होतं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. विदर्भ-मराठवाड्यात सकाळी निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची सायकलींची रांग जाताना पाहिली, की मला शहरातल्या मुलींची कीव येते. आमच्या पिढीत आठवीतली मुलगी एकटी सायकलवर शाळेला, तिथून क्लासला, तिथून मैत्रिणीकडे जायची. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट पाहायची नाही. आज त्याच वयाच्या मुलीला व्हॅन, रिक्षा, नाही तर आईची स्कूटर. आई नोकरी सांभाळून दिवसाचे दोन तास तिची सारथी. मुलीला कुठे जायचं तर ते आधी घरात तीन जणांच्या वेळापत्रकात बसवावं लागतं. खेड्यातल्या मुलीला जे स्वातंत्र्य सरकार सायकल देऊन देतं, ते शहरातल्या मुलीकडून आपण रस्ते रुंद करून काढून घेतलं. आईबाप घाबरतात, आणि आजच्या रस्त्यावर त्यांचं घाबरणं अगदी बरोबर आहे. मी त्यांना धीट व्हा असं सांगणार नाही.

म्हणून शहराच्या सायकल आराखड्याची सुरुवात मी शाळेच्या दारापासून करीन. आठशे किलोमीटरपासून नाही. एक शाळा घ्यायची, तिच्याभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. त्यातल्या आतल्या गल्ल्यांमध्ये वेग तीसवर आणायचा, तोही रचना बदलून. मोठा रस्ता ओलांडायच्या जागा नक्की करायच्या, तिथे मध्ये थांबायला दुभाजकात सायकल मावेल एवढा रुंद ओटा. चौकात मोकळं डावं वळण बंद. एकेरी गल्ल्यांतून सायकलींना दोन्ही दिशांनी जाऊ द्यायचं. बेल्जियममध्ये २००४ पासून हा नियमच आहे आणि त्यानं आभाळ कोसळलेलं नाही. आपल्याकडे फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता एकेरी झाले, तेव्हा मोटारवाल्याला लागला तो वळसा पेट्रोलचा होता, सायकलवाल्याला लागला तो पायाचा.

मोठ्या रस्त्यावर मात्र वेगळा, उंचावलेला, निदान दोन मीटर रुंद मार्गच हवा. रंगाची पट्टी चालत नाही. ती दुसऱ्या दिवशी वाहनतळ होते. मार्ग बसथांब्याच्या मागून न्यायचा, लावलेल्या गाड्या आणि मार्ग यांत दार उघडण्याएवढी जागा सोडायची. आणि चौकात तो संपवायचा नाही. चौकात संपणारा मार्ग बांधूच नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा ते पैसे चौकावरच खर्च करावेत.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या-माझ्या आवाक्यातलं एक काम सांगून थांबते. पुणे महापालिकेत २००६ मध्ये नागरिकांच्या सूचना घेऊन अंदाजपत्रक करायची पद्धत सुरू झाली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो आणि छोट्या कामांसाठीच तो असतो. बहुतेक लोक त्यात बाकडी मागतात. तुम्ही गटाराच्या जाळ्या मागा. आपल्याकडे रस्त्याच्या कडेच्या कितीतरी जाळ्यांचे गज रस्त्याच्या दिशेनं बसवलेले असतात, त्यात सायकलचं चाक सरळ आत जातं आणि माणूस तोंडावर पडतो. त्या काढून गज आडवे करून बसवायच्या. नवी जाळीही पुष्कळदा लागत नाही. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली फट बुजवलेली, एवढं त्याच अर्जात लिहिता येतं. अर्ज साधारण पावसाळ्याच्या शेवटी मागवतात. अर्जासोबत जागेची खूण द्यावी लागते, तेव्हा त्याआधी एका सकाळी पायीच फिरून, कुठल्या दुकानासमोर कुठली जाळी, ते लिहून ठेवा.